पाल, पाणी आणि भोंगा

पुणे, रविवार

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर तीनदा विषय काढला आणि तीनदा बाबांनी "ठेव बरं, तुझी ड्यूटी असंल" म्हणत तोडला, म्हणून हे पत्र. बाबा, शाळेतल्यासारखी लाल शाईने शुद्धलेखनाची लक्तरं काढा, पण शेवटपर्यंत वाचा.

तुम्ही चोरांसाठी लावलेली अलार्मची पेटी बंद करून वर टॉवेल टाकून ठेवलाय, हे शेजारच्या काकूंकडून कळलं. त्या रात्रीचं सगळं कळलं तेही त्यांच्याकडूनच. रात्री तीनला नळ आला, आई घागर घेऊन मागच्या दाराने निघाली आणि भोंगा सुरू झाला. गल्लीतली पोरं काठ्या घेऊन धावली आणि चौकात ट्रॅक्टरवरून उतरून चाललेला एक ऊसतोडीचा माणूस त्यांच्या हाती लागला. सहा महिने कारखान्यावर राबून घरी चाललेला. त्याच्या डोक्यावरची पत्र्याची पेटी खाली पडली, भांडी रस्त्यावर पांगली. बाबा बनियनवर धावत गेले, पोरांच्या हातातून त्याची कॉलर सोडवली. आईने बॅटरीच्या उजेडात त्याच्या वाट्या-ताटल्या वेचून दिल्या.

पेटी बंद का केली ते मला कळलं, बाबा. तुमच्या जागी मीही तेच केलं असतं. पण तसंच राहू देऊ नका. फाल्गुनात आपल्या गल्लीत घर फुटलं ते खोटं नव्हतं.

तुमची लेक आठ वर्षं रात्रपाळीत असल्याच अलार्मवर लक्ष ठेवते. एका खोलीत दहा-बारा जण बसतो, समोर पडदे, त्यांवर राज्यभरातली एटीएमं आणि दुकानं. लाल दिवा लागला की आधी शोधायचं की पाल आहे का, पंखा चालू राहिलाय का, झाडू मारणारी बाई कोड विसरलीय का. चोर शेवटी. अमेरिकेच्या न्याय खात्याने पोलिसांसाठी काढलेल्या एका मार्गदर्शिकेत तिथला आकडा दिलाय: पोलिसांकडे येणाऱ्या अलार्मपैकी ९४ ते ९८ टक्के खोटे. तिकडे बऱ्याच शहरांत घरच्या अलार्मची नोंद करावी लागते, खोट्या खेपा वाढल्या की दंड बसतो. सॉल्ट लेक सिटीच्या पोलिसांनी तर २००० साली ठरवलं की कुणीतरी प्रत्यक्ष बघून खात्री केल्याशिवाय आम्ही निघणारच नाही. आपल्याकडे तशी पावती कुणी फाडत नाही. आपल्याकडे गल्ली उठते. आणि उठलेली गल्ली काय करते ते तुम्ही पाहिलंत. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पोरं पळवणारे समजून पाच भटक्या माणसांना जमावाने ठार मारलं, तेव्हा तुम्ही दोन दिवस नीट जेवला नव्हतात. २०२४ च्या पावसाळ्याच्या सुरुवातीला बीड-जालन्याकडे रात्री ड्रोन दिसल्याच्या बोलण्यांनी गावंच्या गावं जागत होती, आठवतंय ना? असल्या दिवसांत रात्री तीनला भोंगा वाजणं साधी गोष्ट राहत नाही.

तर आता आपल्या पेटीचं. दादाच्या लग्नात दागिन्यांसाठी बसवली, म्हणजे चार वर्षं झाली, आणि मधे कुणी तिच्याकडे पाहिलंही नाही. आत १२ व्होल्टची, सात अँपिअर-तासाची बॅटरी असते. आपल्याकडच्या उन्हात तीन-चार वर्षांत तिचा जीव जातो. आई, तू फोनवर म्हणालीस ना, "दिवाणखान्यात रातकिडा शिरलाय, सापडतच नाही"? तो रातकिडा नाही गं. लाईट गेली की बॅटरी संपत आल्याचं ती पेटी टिक-टिक करून सांगते. आधी ती बदला.

भिंतीवरचा पांढरा सेन्सर माणूस ओळखत नाही. त्याला फक्त हलणारी ऊब कळते. पाल थंड, त्यामुळे लांबच्या भिंतीवर कितीही पळू दे. पण ट्यूबलाईटचे किडे खायला ती सेन्सरच्या भिंगावरच येऊन बसली की त्याच्या लेखी हत्ती आला. बसवणाऱ्याने त्याला ट्यूबलाईटच्या शेजारीच ठोकलाय, काय म्हणावं! तो दुसऱ्या कोपऱ्यात घ्या आणि मागची स्क्रूची भोकं एमसीलने बुजवा, त्यातून मुंग्या आत जातात. कूलरचा झोत पडद्यावर येतो तिथून पडदा बाजूला बांधा. सेन्सरच्या आत 'पल्स' लिहिलेली एक बारीक पिन असते, ती एकवरून दोनवर करायला सांगा, म्हणजे एकाच हालचालीने तो बोंबलणार नाही. आणखी एक: उन्हाळ्यात घरातली हवाच अंगाएवढी तापली की याला माणूस आणि भिंत यांतला फरक नीट कळत नाही. म्हणून दुपारी त्याच्या भरवशावर घर टाकून जाऊ नका. दाराचा चुंबकाचा स्विच त्या वेळी जास्त कामाचा.

त्या दाराच्या स्विचचंही ऐका. पावसाळ्यात मागचं सागवानी दार फुगतं, चुंबक अर्धा बोट लांब राहतो आणि पेटीला वाटतं दार उघडंच आहे. मृगाच्या आधी सुताराला बोलवा.

पण त्या रात्रीचा खरा दोष ना पालीचा ना दाराचा. नळाचा. पाणी कधी येईल ते देवालाही माहीत नसतं आणि आईला झोपेतून उठून कोड कुठला सुचायला! तंत्रज्ञाला सांगून मागच्या दाराला तीस सेकंदांचा 'डिले' लावून घ्या. दार उघडल्यावर पेटी हळू पीं-पीं करील, आईला कोड दाबायला वेळ मिळेल, तोवर भोंगा गप्प. आणि रात्री घरात असताना पेटी 'होम' मोडवर ठेवा, म्हणजे आतले सेन्सर झोपतात, फक्त दारं जागी राहतात. आतापर्यंत तुम्ही बाहेरगावी निघाल्यासारखं सगळंच चालू करून झोपत होता. आई पाणी प्यायला उठली तरी चोर!

आई, आता रागावू नकोस. तो किल्लीएवढा रिमोट तू कनवटीला खोचतेस. भाकरी थापायला वाकलीस की त्याचं लाल बटण दाबलं जातं, ते बटण संकटाचं आहे. पेटी बंद करण्याआधी दुपारी वाजलेला अलार्म तोच होता, मी पैज लावते. ते बटण तीन सेकंद दाबल्याशिवाय लागू नये अशी सोय करता येते, तीही करून घ्या. रिमोट देवघराच्या खिळ्याला टांग.

बाबा, कॅलेंडरच्या चौकटीत पेन्सिलीने लिहिलेले कोडचे चार आकडे मात्र आज खोडा. दूधवाल्यालाही ते पाठ असतील.

आता नियमांचं, कारण "पोलीस केस करतील का" हे तुम्ही काकांना विचारल्याचं कळलं. नाही करणार. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आहे, तिचं २१७ कलम ठाऊक असून खोटी खबर देणाऱ्याला आहे, पालीने वाजवलेल्या भोंग्याला नाही. पण बसवणाऱ्याने पेटीत फोन लावणाऱ्या नंबरांत ११२ भरून ठेवलाय, तो काढून टाका. भोंगा वाजला की पेटी आपोआप पोलिसांना रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकवते आणि तिकडे खरोखर अडलेल्या एखाद्याची ओळ अडते. तिथे दादाचा, माझा आणि काकांचा नंबर घाला. आमच्याकडेही रीत हीच: आधी एका नंबरावर फोन, उचलला नाही तर दुसऱ्यावर, मग पुढचं पाऊल. काका खिडकीतून डोकावून सांगतील, आणि खरंच कुणी असलं तर ११२ माणसाने लावायचा, पत्ता आणि जवळची खूण सांगून. स्वतः बाहेर पडायचं नाही, बाबा. बनियनवर तर नाहीच. पेटीतलं सिम दर महिन्याला रिचार्ज आहे का बघा. तिला टूजी लागतं, नुसत्या फोरजीवाल्या कंपनीचं कार्ड त्यात मुकं बसतं.

भोंग्याच्या खोक्यावर १२० डेसिबल लिहिलंय. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ आहे. त्या रात्री बाबांना किल्ली सापडेपर्यंत तो पाव तास बोंबलत होता म्हणे. तीन मिनिटांत आपोआप बंद व्हावा असं लावून घ्या. तीन मिनिटांत उठणारा उठतो. तपासायचा असेल तर रविवारी अकराला, गल्लीत आधी सांगून.

कॅमेऱ्याचं लिहू की नको असं झालं होतं. तो काकूंच्या न्हाणीच्या बाजूला वळलाय. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्या बाजूला त्यांनी जुनी साडी बांधलीय, मी दिवाळीला पाहिली. २०१७ साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवलाय. पण काकूंसाठी कोर्टाचं नाव कशाला घ्यायचं? स्टुलावर चढून (तुम्ही नाही, दादाला चढवा) तो आपल्या फाटकाकडे वळवा आणि त्यांना मोबाईलवर दाखवा काय दिसतं ते.

मी पुढच्या शनिवारी येते आहे. बॅटरी इथूनच आणते, तुम्ही फक्त सुताराला सांगून ठेवा. काकू म्हणाल्या, त्या माणसाची एक वाटी सकाळी नालीपाशी सापडली आणि आईने घासून कट्ट्यावर ठेवलीय. तो धारूरकडचा होता ना? बाबांनी गावाचं नाव विचारून घेतलं असेल तर मला कळवा. परत निघताना केजवरून वाट वाकडी करून धारूरला जाते आणि देऊन येते.

तुमची,
माई