खालच्या मजल्यावरच्या आजींना, सफरचंदाच्या रात्सुखींबद्दल

आजी, सप्रेम नमस्कार.

हे पत्र मराठीत आहे, त्यामुळे ते तुम्हाला वाचता येणार नाही हे मला माहीत आहे. पोलिशमधून मी जिन्यात भेटेन तेव्हा आभार मानतेच, आणि तुम्ही दर वेळी माशी हाकलावी तसा हात करून पुढे जाता. माझं पोलिश भाजी, बस आणि डॉक्टर यांच्यापलीकडे गेलेलं नाही. मनात जे आहे ते त्यात मावत नाही, म्हणून हे उघडं पत्र. पोलंडमधल्या व्रोत्सवाफ शहरात एका जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत आपल्यातल्या एका बाईशी कोण कसं वागलं, हे चार मराठी माणसांना तरी कळू दे.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. रात्सुखी म्हणजे पोलंडमधल्या घरोघरी होणारे सफरचंदाचे जाड, गुबगुबीत पॅनकेक. मैदा, दूध, अंडं आणि ताजं यीस्ट यांचं पीठ फुगवायचं, त्यात आंबट सफरचंदाच्या फोडी घालायच्या, चमच्याने तेलात सोडून तळायचं आणि वरून पिठीसाखर भुरभुरायची. इथे शुक्रवारी मांस न खाण्याची कॅथलिक रीत अजून बऱ्याच घरांत पाळतात, त्यामुळे शुक्रवारी दुपारचं मुख्य जेवणच गोडाचं असणं कोणाला विचित्र वाटत नाही. पुरणपोळीवर पोट भरणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. माझ्या लेकाच्या बालवाडीतही शुक्रवारी रात्सुखी असतात, आणि घरी वरणभाताला तोंड वाकडं करणारं हे पोर तिथे म्हणे दुसऱ्यांदा मागून खातं.

नोव्हेंबरात तो तापाने पडला. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. खिमट नको, पेज नको, फळ नको. नवरा कामासाठी बाहेरगावी. पोराच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या आणि त्याचं एकच टुमणं, शाळेतल्या रात्सुखी पाहिजेत. शाळेला तर अजून पाठवता येत नव्हतं.

मग मी विचारत सुटले. बालवाडीला मेल केली, की बाई, तुमच्या स्वयंपाकघरात हे कसं करतात तेवढं सांगा. उत्तर तत्परतेने आलं! आठवड्याचा छापील मेनू, त्यात रात्सुखींपुढे ॲलर्जीच्या पदार्थांचे क्रमांक. ग्लूटेन, अंडी, दूध. धन्य. परदेशी लोकांसाठी पोलिश स्वयंपाक शिकवणारा एक क्लास मी त्याआधी केला होता, चांगले पैसे मोजून. तिथल्या गृहस्थांनी आम्हाला ॲप्रन बांधायला दिले, फोटो काढू दिले, आणि ज्याने ज्याने चमचा उचलला त्याच्या हातातून तो काढून घेतला. "असं नाही, असं." आम्ही बघे. शेवटी म्हणाले, खरं रहस्य प्रेम आहे. प्रेमाने यीस्ट फुगत असतं तर काय हवं होतं! व्हिडिओवाल्यांचं तर विचारूच नका. "पीठ योग्य तेवढं घट्ट ठेवा." योग्य म्हणजे किती, ते सांगायच्या आत संगीत सुरू. आणि आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर विचारलं तर पहिलं उत्तर, "अगं, त्यापेक्षा भोपळ्याचे घारगे कर की." माझा मुलगा घारगे मागत नव्हता, ताई.

या सगळ्यांनी सांगितलेलं जुळवून मी करायला घेतलं. बाहेरून काळपट, आतून कच्चं असं काहीतरी होत राहिलं आणि घरभर धूर झाला. दारावरची घंटा वाजली तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. कारण याच जिन्यात आमच्या फोडणीच्या वासाबद्दल कोणीतरी एकदा चिठ्ठी चिकटवली होती. नाव नाही, सही नाही, फक्त "कृपया स्वयंपाक करताना इतरांचा विचार करावा". मला वाटलं, आता तोंडावर ऐकायचं.

दारात तुम्ही होतात. घरातल्या सपाता, अंगात स्वेटर. तुम्ही माझ्या खांद्यावरून आत कढईकडे बघितलंत, मग पोराकडे, आणि काही न बोलता खाली गेलात. मला तेव्हा कळेचना काय झालं. थोड्या वेळाने परत आलात त्या कडेचा टवका उडालेलं पांढरं इनॅमलचं पातेलं, कागदात गुंडाळलेली यीस्टची अर्धी वडी आणि पिशवीत सफरचंदं घेऊन.

सगळी कृती मी इथे लिहीत बसत नाही. ती कुठेही मिळते, आणि ती मिळूनही काय होतं ते वर सांगितलंच आहे. मला सांगायचंय ते तुमच्या हातांबद्दल.

आजी, तुम्ही तुमचे हात पाठीमागे बांधलेत. माझ्या ओट्यापाशी आलात, पातेलं माझ्यापुढे सरकवलंत, आणि मग एक पाऊल मागे जाऊन डाव्या हाताने उजवं मनगट धरून उभ्या राहिलात. मी पीठ ढवळत होते तेव्हा तुमचे खांदे हलत होते. मी चमचा वेडावाकडा फिरवला की तुमची कोपरं पुढे यायची आणि पुन्हा मागे जायची. साठेक वर्षं स्वतःच्या हाताने केलेली गोष्ट दुसरं कोणी धडपडत करतंय हे बघणं किती अवघड असतं, ते मला ठाऊक आहे. मी स्वतः लेकाला बूट घालू देत नाही, उशीर होतो म्हणून. तुम्ही मात्र जवळजवळ पूर्ण वेळ हात सोडले नाहीत. पीठ घट्ट वाटलं की भुवया वर. गॅस मोठा झाला की हनुवटीने खूण. दूध कोमट झालंय का हे बघायला मी बोट बुडवणार होते, तर तुम्ही मान हलवलीत, स्वेटरची बाही वर सारलीत आणि मनगटाची आतली बाजू माझ्यापुढे धरलीत. मी चमच्याने दुधाचा थेंब तुमच्या मनगटावर टाकला. तुम्ही क्षणभर थांबून मान डोलावलीत, मग माझं मनगट पुढे करायला लावलंत. तो थेंब ना गरम लागला ना गार. आता मला थर्मामीटर लागत नाही. 35 ते 40 अंश वगैरे मी नंतर वाचलं. 60 च्या घरात गेलं की यीस्ट मरतं हेही वाचलं. पण ते कळलं तुमच्या बाहीपाशी.

जन्मात मला स्वयंपाक शिकवणाऱ्या बायका थोड्या भेटल्या नाहीत. आई, मावश्या, सासूबाई, सगळ्या सुगरणी आणि सगळ्या मायेच्या. पण "सर बाजूला, मी करते" हे वाक्य मी त्या प्रत्येकीच्या तोंडून ऐकलंय. चमचा हातात राहू देणारी पहिली बाई तुम्ही.

सफरचंदांचंही सांगायला हवं. युरोपीय संघात सर्वांत जास्त सफरचंदं पोलंडमध्ये पिकतात, वॉर्साच्या दक्षिणेला ग्रुयेत्सच्या भागात तर बागाच बागा आहेत. पण कोणतं सफरचंद घ्यायचं हे एकाही दीडशहाण्याने सांगितलं नव्हतं. मी आपली सुपरमार्केटातली लालचुटुक गाला चिरत होते. गोड आणि रसाळ, म्हणून तळताना पाणी सोडणार आणि भोवतीचं पीठ कच्चं राहणार. तुमच्या पिशवीतली शारा रेनेता होती: चिक्कूसारखी खरखरीत, मातकट साल आणि आत आंबट, घट्ट गर. बघून कोणी हात लावणार नाही. तळल्यावर मात्र फोड आकार सोडत नाही, आणि आंबटपणामुळे वरच्या साखरेला अर्थ येतो.

आणि ते फुगलेलं पीठ न ढवळता कडेने उचलायचं, हे तुम्ही जवळजवळ ओरडूनच सांगितलंत. तासभर कष्टाने जमलेली हवा एका फटक्यात जाते म्हणून. (पिठात तुम्ही खिशातल्या बाटलीतून एक चमचा व्होडका घालायला लावलीत, तेल कमी ओढतं म्हणून. अल्कोहोल तळताना बहुतेक उडून जातं हे मला पटलंय. सासूबाईंना पटवायला मी जाणार नाही.)

लेकाने ताटलीतलं सगळं खाल्लं. पिठीसाखर नाकाला. मी सिंककडे तोंड करून उभी राहिले, कारण त्या आठवड्याभराचं सगळं एकदम डोळ्यांत आलं होतं. तुम्ही तिकडे लक्षच दिलं नाहीत. पहिल्या घाण्यातली फाटकी, तेलकट रात्सुखी उचलून उभ्या उभ्या खाल्लीत आणि निघालात.

मी कोल्हापूरची आहे. हे इथे सांगितलं की हल्ली काही लोक मान डोलावतात. 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत सुमारे 5,000 पोलिश माणसं राहिली होती, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत राजवटीने घरादारातून उचलून सैबेरियाकडे धाडलेली आणि तिथून इराणमार्गे वाचून आलेली. आता तिथे गांधीनगर आहे, लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही जातो ते. वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक आहे, 2024 मध्ये आपले पंतप्रधान तिथे गेले तेव्हा ते बातम्यांतही आलं. मी तुम्हाला हे मोठ्या उत्साहाने मोबाइलवर दाखवलं. तुम्ही चष्मा लावून नीट वाचलंत आणि म्हणालात, हे मला ठाऊकच नव्हतं.

मला ते ऐकून फार बरं वाटलं. म्हणजे माझ्या आजोबांच्या गावाने कधीकाळी केलेल्या कशाचीही फेड करायला तुम्ही वर आला नव्हतात. तुमची आई युद्धानंतर ल्वुफकडून (आता युक्रेनमधलं लव्हिव) रेल्वेच्या मालडब्यातून या शहरात आली, ते पातेलं तिचं, हे तुम्ही सांगितलंत. पण तेही कारण म्हणून नाही, पातेलं जपून वापर म्हणून. धूर आला, वर पोर उपाशी आहे हे दिसलं, तुमच्याकडे यीस्ट होतं. बस्स. चिठ्ठी चिकटवणाऱ्यालाही तोच वास येत होता ना? त्याच्याही घरी बहुधा यीस्ट असेल. चांगुलपणाला फार मोठं काळीज लागतं असं म्हणतात. मला तर आजकाल वाटतं, जिना चढायची तयारी लागते. आणि तुमचे गुडघे दुखतात हे मला माहीत आहे.

पातेलं मी तुम्हाला रिकामं परत दिलं नाही, आमच्यात देत नाहीत. त्यातल्या चकल्या तुम्ही सूपमध्ये बुडवून खाल्ल्यात असं तुमची नात सांगत होती. त्याबद्दल मी काही बोलणार नाही.

हाला तार्गोव्हाच्या मंडईतल्या बाई म्हणत होत्या, चांगली रेनेता आता संपत आली. या शनिवारी मी जाणार आहे. तुमच्यासाठी दोन किलो आणू का? वर चढू नका, मीच खाली आणून देईन.

तुमची,
वरच्या मजल्यावरची