दोऱ्याची फुले आणि तुझा उजवा हात

परभणी,
१६ ऑक्टोबर

चि. माईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दसऱ्यानंतर पुण्याच्या गाडीत बसताना तू जी कापडी पिशवी माझ्याकडे दिलीस, तिच्यातील क्रोशाच्या वाचनखुणा काल वाचन प्रेरणा दिनाला आपल्या ग्रंथालयातील बालविभागाच्या मुलांना दिल्या. कोणी कोणते फूल उचलले हे तुला सविस्तर कळावे म्हणून हे पत्र लिहावयास घेतले आहे. निघण्याच्या आदल्या रात्री तू गच्चीवर उभी राहून उजवा हात झटकत होतीस, ते मी पाहिले. "काही नाही बाबा, मुंग्या आल्यात," हे तुझे उत्तर मला पटलेले नाही, परंतु त्याविषयी पत्राच्या शेवटी लिहीन.

टेबलावर सतरंजी पसरून सगळी फुले मांडली होती. झेंडू आणि जास्वंद पाहता पाहता संपले, कारण लाल-केशरी रंग लांबूनही दिसतो. गोकर्ण मुलींनी घेतले. जवसाचे ते लहानसे निळे फूल मात्र बराच वेळ तसेच पडून होते, कारण ते कशाचे आहे हे शहरातल्या मुलांना ओळखता आले नाही. शेवटी पिंगळीकडून येणाऱ्या एका मुलाने ते उचलले आणि जवसाची फुले सकाळी उमलतात नि दुपारपर्यंत गळून जातात हे त्यानेच इतरांना सांगितले. त्याच्या शेतात हरभऱ्याच्या कडेने जवस असतो म्हणे. हे सगळे कोणी केले असे मुलांनी विचारले तेव्हा "माझ्या मुलीने केले, ती पुण्यात राज्यसेवेचा अभ्यास करते," असे मी सांगितले आणि ते सांगताना माझा आवाज नेहमीपेक्षा मोठा झाला होता, असे तुझ्या आईचे म्हणणे आहे.

ग्रंथालयात इतकी वर्षे काढल्यामुळे वाचनखूण ही गोष्ट मला क्षुल्लक वाटत नाही. परत आलेल्या पुस्तकांतून मी एसटीची तिकिटे, मोरपिसे, आगकाड्या, विजेची बिले, कडुलिंबाची पाने आणि केसांचे आकडे काढले आहेत. त्यांतले आकडे सर्वांत वाईट, कारण पावसाळ्यात ते गंजतात आणि त्यांचा तांबडा डाग पुढच्या चार-पाच पानांपर्यंत उतरतो. पानाचा कोपरा दुमडणारे तर सगळेच. जुना कागद त्या घडीवर ठिसूळ होतो आणि एक दिवस कोपरा तुटून हातात येतो. म्हणून कोणी स्वतःच्या हाताने विणलेली खूण मुलांच्या हाती देत असेल, तर तो मला पुस्तकांवरचा मोठा उपकार वाटतो.

तुझ्या खुणा मी चष्मा लावून नीट पाहिल्या. फूल पुस्तकाच्या बाहेर राहते आणि आत फक्त साखळीची सपाट दांडी जाते, ही रचना अगदी योग्य आहे. जाड फूल पानांमध्ये दाबले गेले तर पुस्तक कायमचे फुगते आणि बांधणीवर ताण येतो. दांडीची लांबीही बरोबर आहे. आपली बहुतेक मराठी पुस्तके डेमी आकाराची, म्हणजे साडेआठ इंच उंच असतात, आणि तुझी दांडी त्याहून इंचभर लांब असल्यामुळे दांडीच्या खालच्या टोकाचे विणलेले पान पुस्तकाबाहेर डोकावते. वीस नंबरचा सुती दोरा घेतलास हेही चांगले केलेस, कारण लोकरीची खूण कितीही देखणी असली तरी ती पुस्तकात मावत नाही.

एकच सुचवतो. शेवंतीच्या पाकळ्या ताठ राहाव्यात म्हणून तू त्यांना भाताच्या पेजेची खळ दिली आहेस, तशी पुन्हा देऊ नकोस. कसर पिष्टावर जगते. खळ दिलेली खूण पुस्तकात ठेवणे म्हणजे तिला आमंत्रण देणे होय. फूल ओले करून टॉवेलवर टाचण्यांनी ताणून वाळू दिले की पाकळ्या आपोआप बसतात, खळीची गरज उरत नाही. टाचण्या मात्र न गंजणाऱ्या असाव्यात. आणि लाल दोरा नवीन आणशील तेव्हा ओल्या पांढऱ्या फडक्यात रात्रभर दाबून पाहा. रंग कच्चा असेल तर तो फडक्यावर उतरेल, पुस्तकावर नाही.

हे लिहीत असताना माझे लक्ष पुन्हा तुझ्या हाताकडे जाते. शेवटी लिहीन म्हणालो होतो, पण आत्ताच लिहितो. स्टेशनवर तू म्हणालीस की करंगळी सोडून बाकीची बोटे बधिर होतात, रात्री जाग येते आणि हात झटकला की बरे वाटते. माई, हे ऐकल्यापासून मी स्वस्थ नाही. मनगटाच्या आत हाडे आणि एक जाड पट्टा यांच्यामध्ये अरुंद वाट असते, आणि बोटे वळवणाऱ्या स्नायूंच्या नऊ दोऱ्यांसह एक नस, म्हणजे मज्जातंतू, त्याच वाटेने हातात उतरते. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग त्या नसेचा. करंगळीची नस वेगळ्या वाटेने जाते, म्हणून तिला काही होत नाही. मनगट वाकलेल्या स्थितीत तासन्तास राहिले की ती वाट आवळते. बारीक पोलादी सुई चिमटीत घट्ट धरून तू अभ्यासिकेतून आल्यावर रात्री एकपर्यंत विणतेस, आणि दिवसभर त्याच हाताने उत्तरे लिहितेस. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, नऊ पेपर, प्रत्येकी तीन तास. तो हात तुला त्या तीन तासांसाठी लागणार आहे.

मी परीक्षेचा विषय काढणार नव्हतो. तुझ्या आईला तसे कबूलही केले होते. क्षमा कर; तू किती वर्षे तिथे आहेस, वय किती झाले, यांतले काहीही मला म्हणायचे नाही. हैदराबादच्या आत्या फोनवर जे बोलल्या त्याच्याशीही माझा संबंध नाही. परंतु त्यांना थायरॉईडचा त्रास आहे आणि तो असला तरी ही नस दाबली जाते, म्हणून तुझी तीही तपासणी व्हावी, एवढ्यासाठीच त्यांचे नाव घेतले.

माझ्या आईची, बाईची, आठवण या दिवसांत फार येते. आपल्या देवघराचे तोरण, ताटावरचे रुमाल, रेडिओचे झाकण, दुधाच्या पातेल्यावरची मणी लावलेली जाळी, हे सगळे तिच्या हातचे. लहानपणी माझ्या दोन्ही मनगटांवर दोऱ्याची लड अडकवून ती समोर बसून गुंडा करीत असे, आणि मी जरा हात खाली केला की "हात वर, बापू," म्हणत असे. तिला नमुना कधी कागदावर लागला नाही. पाच साखळ्या, त्यांचे कडे, मग प्रत्येक पाकळीला खांबाचे टाके, आधी आखूड, मग लांब, पुन्हा आखूड, म्हणजे पाकळी मधोमध फुगते. हे ती मोजत नव्हती, तिची बोटेच मोजत होती. १९७२ च्या दुष्काळात वस्तीतल्या बायका दुष्काळी कामावर खडी फोडायला जात आणि तिथे खायला मिळणारी सुकडी घेऊन येत, तेव्हा बाईने दुसऱ्यांच्या परकरांना आणि उशांच्या अभ्र्यांना लेस विणून देऊन त्या बदल्यात ज्वारी आणली होती. आमच्या घरी त्या वर्षी चूल पेटली ती बऱ्याच अंशी त्या लेसवर.

आयर्लंडमध्येही असेच घडल्याचे मी वाचले आहे. १८४५ नंतर बटाट्याचे पीक गेले आणि मोठा दुष्काळ पडला, तेव्हा तिथल्या ख्रिस्ती मठांतील जोगिणींनी बायका-मुलींना क्रोशा शिकवला. त्या गुलाब आणि पाने सुटी विणून मग जाळीत जोडत, आणि तो माल विकून कुटुंबे तगली. तू ज्या पद्धतीने फूल वेगळे नि दांडी वेगळी विणून जोडतेस, ती पद्धत मला त्याच घराण्यातली वाटते. आपल्या जवळचे उदाहरण गोदावरीच्याच दुसऱ्या टोकाचे आहे. आंध्रातील नरसापूर भागात बायका पिढ्यान्‌पिढ्या क्रोशाची लेस विणतात. २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ साली त्यांच्याविषयी जे लिहिले, ते वाचून मन खिन्न होते: माल परदेशी जात होता, व्यापारी मोठे होत होते, आणि दिवसचे दिवस विणणाऱ्या बायकांची गणना कामगारांत न होता घरी बसलेल्या गृहिणींत होत होती. त्यांच्या श्रमाला श्रम म्हटले नाही की मोबदला आपोआप कमी होतो.

हे मी उगाच सांगत नाही. पुण्यातल्या त्या दुकानदाराने तुझ्याकडे शंभर नगांची मागणी केली आहे आणि तू अजून त्यांना नाही म्हटलेले नाहीस, हे तुझ्या आईकडून कळले. एका खुणेला तुला किती वेळ लागतो हे मी या सुट्टीत डोळ्यांनी पाहिले आहे. ते देऊ करतात त्या पैशात तुझ्या एका तासाचा चहासुद्धा येत नाही. तू अभ्यासिकेतल्या मैत्रिणींना वाचनखुणा देतेस त्याला माझी कधीच हरकत नव्हती. कोणी पास होऊन गेली, कोणी खोली सोडून गावी परतली, आणि प्रत्येकीच्या पुस्तकात तुझे एक फूल गेले, हे ऐकून मला वाटते की बाईचे काहीतरी तुझ्यात उतरले आहे आणि ते माझ्यात उतरले नव्हते. ते फूल तू त्या मुलीला डोळ्यांपुढे ठेवून विणतेस. शंभर नगांत कोण डोळ्यांपुढे राहणार आहे? त्या गृहस्थांना परीक्षेनंतर विचार करीन असे कळव. तुला जड जात असेल तर मी फोन करतो.

पुन्हा उपदेश झाला. तू मोठी आहेस, तुझे निर्णय तू घेतेस, हे मला मान्य आहे आणि त्याचा अभिमानही आहे.

परंतु बाईच्या हाताविषयी तुला ठाऊक नसलेली एक गोष्ट आहे. शेवटच्या काही वर्षांत तिच्या हातून वाटी सुटत असे, झंपराचे हूक लावता येत नसत, आणि उजव्या अंगठ्याखालचा मांसल उंचवटा बसून गेला होता. घरात सगळे म्हणत, वय झाले. तिने शेवटचे तोरण अर्धे सोडले, ते कपाटात आहे. पुढे आमच्या ग्रंथालयात येणाऱ्या एका डॉक्टरांशी बोलताना सहज हा विषय निघाला, तेव्हा त्यांनी सांगितले की हीच नस वर्षानुवर्षे दाबलेली राहिली की तो स्नायू असा झिजतो, आणि सुरुवातीला दाखवले असते तर रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा, विश्रांती आणि काही औषधे एवढ्यावर निभावले असते. तू गच्चीवर हात झटकत होतीस तेव्हा मला तो अंगठा दिसत होता.

तू क्रोशा सोडावास असे मी म्हणत नाही, कारण त्या खोलीत तुझ्याजवळ अभ्यासाखेरीज दुसरे काय आहे हे मी जाणतो. विण, पण बोटे बरी झाल्यावर, दिवसा, आणि एक फूल झाले की थांब. सुईची मूठ जाड हवी. रबरी मूठ असलेल्या सुया मिळतात, नाहीतर तुझ्याच सुईला मऊ कापडाची पट्टी घट्ट गुंडाळ. आणि ती पेनासारखी चिमटीत न धरता सुरीसारखी मुठीत धरून पाहा. मनगट कमी वाकते.

मग कधी सवड होईल तेव्हा आपल्या मातीतली फुले विण, ही माझी इच्छा आहे. गुलाब आणि सूर्यफूल सगळेच विणतात. हरभऱ्याचे जांभळट फूल विण. आता इकडे करडई पेरली जात आहे. तिची पिवळी फुले सुकताना केशरी-तांबडी होत जातात, आणि इथल्या कृषी विद्यापीठाने आपल्या एका वाणाला परभणी कुसुम असे नावच दिले आहे. कपाशीचे फूल तर कोणीच विणत नाही. पहिल्या दिवशी ते दुधाळ पिवळसर असते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, म्हणून एकाच दांडीवर दोन फुले, एक कालचे आणि एक आजचे, अशी वाचनखूण करता येईल. दोराही कपाशीचाच. पुढच्या वर्षी पिंगळीच्या त्या मुलाला मला ती द्यावयाची आहे. माझा हा हट्ट समज, पण घाईचा नाही.

या पत्रासोबत तुझ्या आईने करडईच्या तेलातले लोणचे आणि जवसाची चटणी पाठवली आहे. मनगटाचा पट्टा मी इथूनच घेणार होतो, पण माप डॉक्टरांनी घ्यावे हे बरे. शनिवारी तुझी अभ्यासिका दुपारी सुटते. त्या दिवशी अस्थितज्ज्ञांची वेळ घे आणि नसेची चाचणी करावी लागेल का हे त्यांना विचार. पैशांचा विचार करू नकोस, मी आज खात्यावर भरले आहेत. डॉक्टर काय म्हणाले ते रविवारी फोनवर सांग, आणि ते सांगताना "काही नाही बाबा" या शब्दांनी सुरुवात करू नकोस.

तुझा,
बाबा

ता. क. बालविभागातील तीन मुलांना वाचनखुणा कमी पडल्या. त्यांना मी संक्रांतीनंतर मिळतील असे सांगितले आहे. मुले थांबायला तयार आहेत, तेव्हा या आठवड्यात सुई हातात घेऊ नकोस.