चिनूची वडी

ती. आई आणि ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर बोलायचं दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा गुडघ्यांची नि डोळ्यांतल्या थेंबांची चौकशी करून फोन ठेवला. म्हणून लिहितेय. आई, आधी शेवटपर्यंत वाच, मग फोन कर. बाबा, तुम्ही वाचून दाखवणार असाल तर मधलं काही गाळू नका.

चिनू सुट्टीत पंधरा दिवस तुमच्याकडे येतेय. त्यात काहीही बदल नाही. फक्त आई, या वेळी तिच्या अंगाला तुझं तेल लावायचं नाही. थोडंसंही नाही, केसांना लावताना मानेवर ओघळेल एवढंही नाही. तिच्या पिशवीत मी घरी केलेल्या वड्या असतील आणि डॉक्टरांचं मलम असेल. या दोन्हींशिवाय तिसरं काही तिच्या त्वचेला लागू द्यायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलंय.

गेल्या वेळी मी जे बोलले ते मला अजून टोचतं. ‘तुला काही कळत नाही’ हे मी तुला म्हणाले, तेही आत्यासमोर, आणि दोन दिवस आधीच बॅग भरून निघाले. चिनूच्या गुडघ्यांमागची त्वचा रात्रीतून लाल होऊन चिरली होती, ती झोपेत ओरबाडत होती आणि मला काही सुचत नव्हतं. पण तू ते तेल तिच्यासाठी किती निगुतीनं केलं होतंस, हे मला तेव्हाही माहीत होतं. गाडीत बसल्यावर तिच्या फ्रॉकला त्याचा वास येत होता आणि मला एकदम माझ्या शाळेच्या सकाळी आठवल्या. तुझे गरम तळवे, पाठीवर वरून खाली, आणि मी पेंगत उभी. तो स्पर्श चिनूला मिळू नये असं मला कसं वाटेल?

म्हणूनच तुला कारण नीट सांगायचंय. इसब असलेल्या मुलाची त्वचा ही सांधे भुगा झालेल्या विटांच्या भिंतीसारखी असते. आतला ओलावा बाहेर जातो आणि बाहेरचं नको ते आत शिरतं. ही भिंत घट्ट ठेवणाऱ्या एका प्रथिनाचं नाव फिलॅग्रिन. त्याच्या जनुकातला दोष आणि इसब यांचा संबंध 2006 साली सापडला. इसब असलेल्या सगळ्यांमध्ये तो दोष नसतो, पण पुष्कळांमध्ये असतो, आणि तो घराण्यात उतरतो. आत्याची कोपरं आठवा. अशा त्वचेला सुवास सहन होत नाही, मग तो फुलांचा असो की बाटलीतला. तुझ्या तेलात खाली ऑलिव्हचं तेल आहे. बाबांना आधार लागतो, म्हणून सांगते: 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोठ्या माणसांच्या हातांवर काही आठवडे रोज ऑलिव्ह तेल लावून पाहिलं, तर त्वचेची भिंत आणखी कमजोर झालेली दिसली. चांगल्या त्वचेला जे मानवतं ते चिनूला मानवेलच असं नाही. बदामाचं तेलही नको. चिरलेल्या त्वचेतून खाण्याच्या पदार्थातली प्रथिनं आत गेली, तर शरीर पुढे त्याच पदार्थाला शत्रू मानू शकतं. शेंगदाणा तेल असलेली मलमं आणि शेंगदाण्याची ॲलर्जी यांचा असा संबंध 2003 मध्ये दाखवला गेलाय.

आता वडीबद्दल. हिला लोशन बार म्हणतात, पण दिसते साबणाच्या वडीसारखी, म्हणून चिनू वडीच म्हणते. हिच्यात तीनच गोष्टी आहेत: मधमाश्यांचं गाळून स्वच्छ केलेलं मेण, शिया बटर आणि खोबरेल तेल, तिन्ही वजनानं सारखी. मी प्रत्येकी 40 ग्रॅम घेते. रंग नाही, वास नाही, कुठलाही अर्क नाही. लव्हेंडर नि टी ट्रीचे थेंब ‘नैसर्गिक’ म्हणून लोक घालतात, पण नैसर्गिक गोष्टींचीही ॲलर्जी येते. पाणी अजिबात नसल्यामुळे हिच्यात जंतू वाढू नयेत म्हणून काही मिसळावं लागत नाही. तेच पाणी नंतर शिरलं तर मात्र बुरशी धरेल, म्हणून ओल्या हातानं वडी उचलायची नाही. चिनूला लावण्याआधी मी आठवडाभर तिच्या हाताच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागी रोज दोनदा लावून पाहिली, डॉक्टरांनाही दाखवली. त्यांचा एकच आग्रह: मलमाची जागा हिनं घ्यायची नाही.

पहिल्या घाण्यात मेण जास्त पडलं होतं आणि वडी दगडासारखी झाली. चिनूच्या कोपराच्या खळीत ती घासली तेव्हा तिनं हात मागे ओढला. तेव्हापासून वडी तिच्या अंगावर फिरवतच नाही. आपल्या दोन्ही तळव्यांत ती धरायची, हाताच्या उबेनं वरचा थर विरघळतो, मग नुसते तळवे तिच्या अंगावर ठेवायचे. वरून खाली, अंगावरच्या केसांच्या दिशेनं, न चोळता. आई, हे तुझ्याइतकं कुणाला जमणार नाही. मालिश थांबवायला मी सांगतच नाहीये. हात तुझेच हवेत.

वेळ महत्त्वाची आहे. आंघोळ कोमट पाण्यानं, पाच ते दहा मिनिटं, जास्त नाही. कढत पाणी तिला आवडतं पण देऊ नका. सुगंधी साबण नको, तिचं धुण्याचं वेगळं पिशवीत आहे. मऊ पंचानं टिपायचं, घासायचं नाही. त्वचा जराशी दमट असतानाच, तीन मिनिटांच्या आत, वडी. आत मुरलेलं पाणी मेण धरून ठेवतं, सगळा खेळ एवढाच आहे. दिवसात आणखी दोनदा लावलंत तरी चालेल.

आणि बाबा, मलम. तुम्ही ते स्टेरॉइड आहे म्हणून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं होतंत, मला ठाऊक आहे. तुमची भीती काळजीपोटी आहे. पण त्वचा भडकलेली असताना ते वेळेवर आणि थोडे दिवस लावलं तर नुकसान होत नाही. न लावल्यानं तिचं खाजवणं थांबत नाही, आणि खाजवण्यानंच जखमा होतात. तुम्हाला माप आवडतं म्हणून माप देते: तुमच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या रेषेपर्यंत ट्यूबमधून काढलेली लांबी म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. तेवढं मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. ते फक्त लाल जागी. वडी आणि मलम यांत अर्ध्या तासाचं अंतर ठेवायला आमच्या डॉक्टरांनी सांगितलंय.

त्वचा ओली दिसली, पिवळसर खपली धरली किंवा ताप आला, तर त्या जागी वडी लावू नका, मला आणि डॉक्टरांना लगेच कळवा. बारीक पाण्याचे फोड घोळक्यानं आले तर सकाळची वाट पाहायची नाही, तसंच उचलून न्यायचं. असं होईल म्हणून घाबरवत नाहीये, माहीत असावं म्हणून लिहिलं. आणखी एक: कपड्यांना हे मेण-तेल मुरलं की ते चटकन पेटतात. चिनूला आणि तिच्या कपड्यांना आचेपासून लांब ठेवा. बाथरूमच्या फरशीवर तेलकट डाग राहिला तर तो आधी पुसा. आई, तू तर तिथे पायपुसण्याशिवाय पाऊल टाकू नकोस.

वड्या संपल्या आणि करायच्या झाल्या तर एक जुनं भांडं कायमचं त्यालाच ठेवा, मेण निघता निघत नाही. भांडं थेट गॅसवर नको, उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवायचं. आधी मेण, ते साधारण 63 अंशांना विरघळतं, मग बाकीचं. ओतायचं काम बाबांचं. आई, तुझ्या मनगटावर मला भरवसा नाही, रागावू नकोस. उरलेलं मेण मोरीत ओतू नका, थिजलं की पाइप बंद होईल.

मनगटावरून आठवलं. गेल्या महिन्यात तू म्हणालीस, ‘तेव्हा माझा हात मोडला नसता, मी तिकडे आले असते, तिला पहिले महिने नीट तेल-मालिश झाली असती, तर हे झालंच नसतं.’ मी काही बोलले नाही कारण गळा भरून आला होता. आई, हे मनातून काढून टाक. ब्रिटनमध्ये इसबाचा धोका असलेल्या 1394 बाळांवर हेच तपासलं गेलंय. निम्म्यांना पहिलं वर्षभर रोज अंगाला मॉइश्चरायझर लावायचं होतं, निम्म्यांना नाही. 2020 मध्ये निकाल आला. दोन वर्षांची झाल्यावर पहिल्या गटातल्या 23 टक्के मुलांना इसब होता, दुसऱ्या गटातल्या 25 टक्क्यांना. म्हणजे जवळपास सारखाच. तुझा हात धड असता तरीही बहुधा हे असंच झालं असतं. माझ्याकडूनही काही राहिलं नव्हतं, हे मी स्वतःला रोज सांगते, तूही सांग.

तुझ्या हातांसाठी एक वेगळी वडी आहे. भांड्यांच्या पाण्यानं तुझी बोटं चिरतात ती मी बघते. झाकणावर चिनूनं ‘आजी’ लिहिलंय, ‘ज’ उलटा आहे. ती चिनूला लावू नकोस आणि तिची तुझ्या हातांना नको, दोन्ही डबे निरनिराळे ठेवा. बाबा, रात्री तुमच्या नडग्यांना खाज येते, तुम्हीही आजीच्याच डब्यातली घ्या, आधी थोडी लावून पाहा. आणि येत्या आठवड्यात साखर तपासून आकडा मला कळवा. नक्की.

तुमची
सोनू

ता. क. आई, तेलाची बाटली फेकू नकोस. मी तिला न्यायला येईन तेव्हा एक रात्र राहणार आहे. माझ्या डोक्याला लाव.