ताई, २०२४च्या सगळ्या अल्बमबद्दल तुझे आभार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागले की तू "बरं बरं, ते राहू दे, नवीन काय ऐकलंस?" म्हणतेस आणि विषय तिथेच मिटतो. म्हणून लिहितेय, आणि चारचौघांसमोर लिहितेय. पंक (कच्चं, जोरकस रॉक) आणि इंडी (मोठ्या कंपन्यांच्या चाकोरीबाहेरचं) संगीताचं हे वर्ष मी ऐकलं ते तुझ्यामुळे. आजीच्या दुखण्यात मी टिकून राहिले त्यातही या गाण्यांचा वाटा आहे, हे लोकांना कळू दे.

दिवसा मामी बघायची, रात्र माझ्याकडे असायची. आजीला झोप नाही, म्हणून मलाही नाही. तुझ्याकडे शिकागोत तेव्हा दुपार. दर आठवड्याला तू एक अल्बम पाठवायचीस आणि सोबत एकच ओळ. अल्बम चांगला आहे की वाईट हे त्या ओळीत कधीच नसायचं. "या वेळी फक्त ड्रम ऐक." "गाणारी श्वास कुठे घेते बघ." "मधे थांबू नकोस, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत एका बैठकीत ऐक." मत माझं मला बनवू दिलंस. यासाठी मी तुझी सगळ्यात जास्त ऋणी आहे.

सुरुवात मॅनेक्विन पुसीच्या 'आय गॉट हेवन'ने झाली. १ मार्चला आलेला, फिलाडेल्फियाच्या बँडचा, जेमतेम अर्ध्या तासाचा अल्बम. त्यांची गायिका मारिसा डाबीस कडव्यात ओरडते आणि ध्रुवपदात एकदम गोड होते, ते मला सुरुवातीला झेपलं नाही. गिटारचा आवाज तर निव्वळ फाटका वाटला. तेव्हा तू लिहिलंस, "मिरजेची ना तू? तंबोऱ्याची जवारी का काढतात?" तारांखालची घोडी घासून घासून कारागीर तारेला झणकार आणतो, तारेखाली दोरा सरकवून तो नेमका करतो, तार नुसती स्वच्छ वाजली तर आपल्याकडे तंबोरा विकत कोण घेईल? गिटारचंही तेच, असं तू समजावलंस. ॲम्प्लिफायरला झेपेल त्यापेक्षा जोराचा सिग्नल दिला की लहरींची टोकं छाटली जातात, आणि मूळ सुरात नसलेले वरचे स्वर त्यातून उमटतात. तो फाटका आवाज कुणीतरी कान लावून घडवलेला असतो. त्या रात्री अल्बम परत लावला आणि मला त्यात चक्क सूर सापडले. त्याआधी मला पंक म्हणजे राग एवढंच माहीत होतं.

२२ मार्चला दोन अल्बम एकाच दिवशी आले. एड्रियन लेंकरचा 'ब्राइट फ्यूचर' सुंदर आहे, पण तो मी अजून पुरता ऐकलेला नाही असंच वाटतं. वॅक्साहॅची या नावाने गाणाऱ्या केटी क्रचफिल्डच्या 'टायगर्स ब्लड'ने मात्र मला धरूनच ठेवलं. अलाबामातली ही मुलगी जुळ्या बहिणीबरोबर पी. एस. एलियट नावाच्या पंक बँडमध्ये होती. आता ती कंट्री, म्हणजे अमेरिकी ग्रामीण वळणाच्या संगीताच्या वाटेने गाते आणि आवाजात कुठेही घाई नाही. पंक सोडून ती शांत झाली असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. जे आहे ते सरळ तोंडावर सांगायचं, सजवायचं नाही, ही सवय पंकचीच आहे आणि ती तिने सोडलेली नाही. 'राइट बॅक टु इट'मध्ये तिच्यामागे एम. जे. लेंडरमनचा आवाज येतो. तो कोण हे मी विचारलं, आणि त्यामुळे सप्टेंबरमध्ये त्याचा 'मॅनिंग फायरवर्क्स' आला तेव्हा मी आधीच वाट बघत होते. त्याच महिन्याच्या शेवटी हेलीन वादळाने त्याच्या ॲशव्हिल गावाची आणि सगळ्या पश्चिम नॉर्थ कॅरोलिनाची दैना केली. मदतीसाठी तिथल्या लोकांनी शंभराहून जास्त गाण्यांचा संग्रह बँडकॅम्पवर, म्हणजे कलाकारांकडून थेट संगीत विकत घ्यायच्या वेबसाइटवर काढला, तो तू लगेच घेतलास आणि मलाही घ्यायला लावलास.

सिंडी लीचा 'डायमंड ज्युबिली' स्पॉटिफायवर शोधून शोधून दमले होते. तो तिथे नव्हताच. जुन्या धाटणीच्या एका साध्या वेबपानावर, मनाला येईल ते पैसे देऊन उतरवून घ्यायचा, नाहीतर यूट्यूबवर सलग दोन तास ऐकायचा. बत्तीस गाणी, आवाज लांबच्या स्टेशनवरून आल्यासारखा. आजीला आवडलेला हा एकच अल्बम. "सिलोन लागलं का गं?" असं तिने विचारलं आणि बराच वेळ बोटांनी ताल धरला. हे तुला तेव्हा कळवलं होतं, तरी परत सांगावंसं वाटतं.

मग मे महिना. ७ तारखेला शिकागोचे ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनी गेले, वय अवघं ६१. त्या दिवशी तू अल्बम पाठवला नाहीस, फोन केलास, आणि पहिल्यांदाच बराच वेळ तू बोललीस आणि मी ऐकलं. पिक्सीजचा 'सर्फर रोझा', पी. जे. हार्वीचा 'रिड ऑफ मी', निर्वाणाचा 'इन युटेरो' या माणसाने ध्वनिमुद्रित केले, पण स्वतःला निर्माता म्हणवून घेतलं नाही आणि विक्रीवर रॉयल्टी घेतली नाही. प्लंबरला देतात तसे मला कामाचे पैसे द्या, असं त्यांनी निर्वाणाला पत्रात लिहून कळवलं होतं. शिकागोत बेलमाँट ॲव्हेन्यूवरच्या त्यांच्या स्टुडिओच्या भिंती कच्च्या विटांच्या आहेत आणि तिथे नामांकित बँड येत तसे कुणी नाव न ऐकलेलेही येत, हे तू सांगितलंस. दहा दिवसांनी, १७ मेला त्यांच्या शेलॅक बँडचा 'टु ऑल ट्रेन्स' आला. तो आधीच ठरलेला होता. तुझी ओळ होती, "खोली ऐक." ड्रमवर काठी पडते, आवाज भिंतीपर्यंत जातो, परत येतो, बँडमधले तिघं एकमेकांपासून किती अंतरावर उभे आहेत ते कळतं. आजकाल मी कुठलंही गाणं लावलं की आधी ती खोली शोधते.

डब्लिनच्या फॉन्टेन्स डी. सी. बँडच्या 'रोमान्स'वरून आपलं जमलं नाही, आणि अजूनही जमणार नाही. माझ्या मते सगळं फार नीटनेटकं झालंय त्यात, डब्लिनचा खडबडीतपणा गेला. अ‍ॅमिल अँड द स्निफर्सचा 'कार्टून डार्कनेस' मी दिवसा भांडी घासताना लावते, आणि त्यांची गायिका एमी टेलर हिच्यामुळे भांडी लवकर होतात.

आणि नोव्हेंबरमधला किम डील यांचा 'नोबडी लव्ह्ज यू मोअर'. पिक्सीज आणि ब्रीडर्स हे बँड गाजवलेल्या या बाईंचा स्वतःच्या नावाचा पहिला पूर्ण अल्बम, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. त्यातली काही गाणी अल्बिनींनीच मुद्रित केलेली. ओहायोतल्या आपल्या डेटन गावी परत जाऊन त्यांनी आईवडिलांचं केलं. आईला विस्मरण झालं होतं. 'आर यू माइन?' हे त्यांचं जुनंच गाणं या अल्बममध्ये आहे. आईने घरात वाटेत थांबवून विचारलेला प्रश्न त्यात आहे. ऐकणाऱ्याला ते प्रेमगीत वाटतं, कारण ते आहेच. या वेळी तू काहीच ओळ लिहिली नव्हतीस. आजी मला रोज विचारते, "तू कोणाची गं?" मी सांगते, "तुझी." त्या गाण्यानंतर हे उत्तर देताना माझा आवाज कापत नाही, ताई.

क्रम विचारला होतास, तर असा: किम डील पहिली, मग शेलॅक, वॅक्साहॅची, सिंडी ली, मॅनेक्विन पुसी. तू शेलॅकला वर ठेवणार हे मला माहीत आहे. त्यावर वाद घालायला तयारीत ये. मामी म्हणते सुट्टी मिळाली तर मे महिन्यात येशील. किम डीलची रेकॉर्ड मिळाली तर घेऊन ये, पैसे मी देणार, नाही म्हणायचं नाही. पुढच्या वर्षाचा पहिला अल्बम मात्र त्याआधी पाठव.

तुझी,
मिरजेची धाकटी