नळाच्या पाण्याचा अहवाल वाचताना: सर्व सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना नमस्कार,

गटात पाण्याचे तपासणी अहवाल येत आहेत. आकडा पाहून कुणी घाबरतं, कुणी उगाच निर्धास्त होतं. कृपया आधी एकक पाहा. शिसे आणि आर्सेनिक यांची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम आहे. काही अहवालांत तीच 0.01 मिलिग्रॅम अशी छापलेली असते.

खरा घोळ होतो तो नायट्रेटचा. मर्यादा 50 मिलिग्रॅम, पण नायट्रेट म्हणून मोजल्यावर. अहवालात 'नायट्रोजन म्हणून' असं लिहिलं असेल तर आकड्याला 4.43 ने गुणा. तिथला साधा दिसणारा 12 म्हणजे सुमारे 53, मर्यादेच्या वर! घरात बाटलीचं दूध पिणारं तान्हं बाळ असेल तर ही ओळ दोनदा वाचा. पाणी उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटतं, तसं त्याचं प्रमाण उलट वाढतं.

शिसे बहुतेकदा जुन्या पाइपांतून आणि जोडांतून उतरतं. त्यामुळे शहराचा अहवाल चांगला असूनही आपल्या नळाचा वाईट निघू शकतो. रात्रभर नळ बंद ठेवून सकाळच्या पहिल्या धारेचा नमुना घ्या. आणि 9 आलं म्हणून सुटलो असं मानू नका. मुलांसाठी शिशाची सुरक्षित अशी पातळी आढळलेली नाही.

ई. कोलाय (पाण्यात विष्ठा मिसळल्याची खूण देणारा जिवाणू) मात्र 100 मिलिलिटरमध्ये एकही नको.

अहवाल टाकताना एकक आणि नमुन्याची वेळ दिसेल असा पूर्ण फोटो टाका, नाव-पत्ता झाकून.