मंत्रिमहोदय, सांगलीला समुद्र नाही हे आम्हालाही ठाऊक आहे

मा. मंत्रिमहोदय,
मंत्रालय, मुंबई.

सविनय नमस्कार.

मी शिराळ्याकडचा. जिल्ह्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवतो. गेल्या नागपंचमीच्या आठवड्यात आपण आमच्याकडे एका खोलीची फीत कापलीत आणि तीन महिन्यांत तिथे दोन सर्व्हर बसवतो म्हणालात. टाळ्या मीही वाजवल्या. परवा त्या सर्व्हरचा प्रस्ताव चौथ्यांदा परत आला. शेरा जसाच्या तसा देतो: 'सदर प्रस्तावातील डॉकिंग हा विषय बंदरांशी निगडित असल्याने व सांगली जिल्ह्यास समुद्रकिनारा नसल्याने संबंधित विभागाकडे मागणी करावी.'

साहेब, हे डॉकिंग जहाजांचं नव्हे. सापाच्या विषात एन्झाइम असतात, म्हणजे रासायनिक क्रिया वेगाने घडवणारी प्रथिनं. फॉस्फोलिपेज ए2 हे त्यातलं एक, पेशीचं आवरण फोडणारं. गुऱ्हाळाच्या चरकात खडा अडकला की चरक थांबतो. तसा या एन्झाइमच्या खाचेत नेमका बसणारा रेणू सापडला की त्याचं काम बंद पडतं. कुठला खडा बसेल हे प्रयोगशाळेत एकेक करून बघायला जन्म जाईल, म्हणून आधी कॉम्प्युटरवर रेणू फिरवून, वाकवून बघतात. यालाच डॉकिंग म्हणतात. एन्झाइमचे आराखडे 1971 पासून प्रोटीन डेटा बँकेत साठताहेत, फुकट. डॉकिंग करणारं ऑटोडॉक सॉफ्टवेअरही फुकट. माझ्या यादीत 40,000 रेणू आहेत. माझा जुना लॅपटॉप एकाला 6 मिनिटं घेतो. म्हणजे 166 दिवस, तेही वीज न जाता!

विजेचं निघालंच म्हणून सांगतो. शेतीला वीज रात्रीची. 3 वर्षांपूर्वी थोरला भाऊ रात्री 1 वाजता उसाला पाणी पाजायला गेला आणि घोणस चावली. प्रतिविषाच्या 20 कुप्या लागल्या. जीव वाचला, मूत्रपिंडं गेली. आता आठवड्यातून दोनदा सांगलीला डायलिसिस. डायलिसिससाठी मनगटाजवळ धमनी आणि शीर जोडून फिस्टुला केलाय, त्यावर बोट ठेवलं की मांजर गुरगुरावं तशी थरथर लागते. माझी पोरगी त्याला 'काकांचं इंजिन' म्हणते.

प्रतिविष शिरेतून द्यावं लागतं, त्यासाठी दवाखाना गाठावा लागतो. बांधावरच गिळता येईल अशी गोळी का नसावी? व्हॅरेस्प्लॅडिब हे औषध हृदयविकारात नापास झालं. ते विषातल्या याच एन्झाइमला अडवतं हे नंतर कळलं, आणि त्याच्या चाचण्या भारतातल्या दवाखान्यांतही झाल्या. देशात वर्षाला सुमारे 58,000 माणसं सर्पदंशाने मरतात. बहुतेक खेड्यातली. मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावर घोणस कशाला येईल!

आपल्या बीपीच्या गोळीचं नाव 'प्रिल'ने संपत असेल, तर तिचं घराणं ब्राझीलच्या एका सापाच्या विषातून निघालंय. त्यातलं पहिलं कॅप्टोप्रिल, अमेरिकेत 1981 ला मान्यता मिळालेलं. एन्झाइमची खाच कशी असेल याचा अंदाज बांधून तो रेणू रचला होता. तेव्हा हाताशी कॉम्प्युटरवरचा आराखडाही नव्हता. आज सगळं आहे, आणि आमच्या खोलीत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत.

पुण्यात 1991 ला परम 8000 हा महासंगणक झाला. 2015 ला 4,500 कोटींचं सुपरकॉम्प्युटिंग मिशन आलं. हे कोटी कात्रजचा घाट उतरून इकडे येतच नाहीत का? भाषणात एआय, आणि शिकवणाऱ्याचं मानधन सात महिने थकलेलं. पगार विचारला की 'तुम्ही कायम नाही' म्हणतात. कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची समिती आली की माझे शोधनिबंध मात्र कॉलेजचे. आमचे नेट-सेट झालेले मित्र रसवंती चालवतात. त्यांचं बरं चाललंय, चरक तरी फिरतो.

सर्व्हर राहू द्यात. पुण्यातल्या एखाद्या मशीनवर 200 तास मिळवून द्या, यादी मी पेनड्राइव्हवर घेऊन येतो. मंगळवार-शुक्रवार सोडून; त्या दिवशी दादाबरोबर असतो.

आपला,
तासिका क्रमांक तीन आणि पाचचा प्राध्यापक

ता. क. शेऱ्याप्रमाणे बंदरांच्या खात्याकडेही अर्ज पाठवला. त्यांची पोच आली आहे.