शनिवारचं ठरलंय, नाही म्हणू नका

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

न विचारताच शनिवारी सकाळची डॉक्टरांची वेळ घेतली आहे. विचारलं असतं तर बाबा "गड्ड्याची जत्रा होऊ दे, मग बघू" म्हणाले असते आणि आईने मान डोलावली असती. शुक्रवारच्या हुतात्मा एक्स्प्रेसने येतेय. रजा मिळाली आहे, मुलांजवळ हे आहेत, पैशांचंही झालंय. कुणालाही त्रास नाही.

बाबा, रात्री पोटात जळजळून उठता आणि दूध पिऊन आडवे होता, हे आईने सांगितलं. तिच्यावर रागावू नका. दुधाने घटकाभर बरं वाटतं, मग ॲसिड पुन्हा वाढतं. शेंगाचटणी सोडलीत, पण अल्सर तिखटाने होत नाही. बहुतेकदा एच. पायलोरी नावाच्या जंतूने होतो, नाहीतर गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणता तसल्या गोळ्यांनी. जंतू असला तर साधारण 14 दिवसांच्या औषधांनी जातो. त्यासाठीच दुर्बिणीची तपासणी. मी दाराबाहेरच असेन. त्या गोळ्या आजपासून बंद. हृदयाची मात्र मनाने बंद करायची नाही. शौचाला काळीकुट्ट, चिकट झाली, उलटीत रक्त दिसलं किंवा पोट एकाएकी दुखून कडक झालं, तर माझी वाट न बघता तडक सिव्हिलला जायचं.

आई, तू आपलं ताट-वाटी वेगळं काढलंस म्हणे. ऐकून रडू आलं. गोवरात मला मांडीवरून खाली ठेवलं नव्हतंस, आणि आता स्वतःच बाजूला बसतेस? टीबी भांड्यांतून पसरत नाही, खोकल्यातून हवेत जातो. खिडक्या उघड्या ठेव, खोकताना तोंडावर पदर धर. आणि टीबीच आहे असं कुठे ठरलंय? खोकला दोन आठवड्यांवर गेला, संध्याकाळी कणकण येते, ब्लाऊज सैल झालेत, त्यात तुझी शुगर. शुगरवाल्यांना धोका जास्त, म्हणून थुंकी तपासायची. अण्णाकाकांच्या वेळचं मनात आणू नकोस. निघालाच तर सरकारी दवाखान्यात औषधं फुकट मिळतात, खुराकासाठी महिना 1000 रुपये खात्यात येतात. साधारण सहा महिने, मध्ये सोडायचं नाही, माणूस बरा होतो.

शुक्रवारी बाबांनी लवकर जेवायचं, शनिवारी सकाळी चहासुद्धा नाही. आई, तू मात्र न्याहारी करून, शुगरची गोळी घेऊन निघायचंस. जुने रिपोर्ट एका पिशवीत घालून ठेवा. माझ्यासाठी जागू नका, किल्ली आहे माझ्याकडे.

तुमची,
बेबी